थंडी, तेल आणि पोटावरची पिशवी

निफाडचा पारा दहाच्या खाली घसरला की द्राक्षबागांत पेटवलेल्या शेकोट्यांचे फोटो छापून येतात. याच दिवसांत ज्यांच्या पोटावर स्टोमा आहे त्यांच्या घरी वेगळीच कटकट सुरू होते. कालपर्यंत नीट बसणारी बॅग आज कडेने सुटते. दोष बॅगेचा नसतो, हाताचाही नसतो. थंडीचा असतो.

कॅन्सरमुळे, आतड्याच्या जुनाट दुखण्यामुळे किंवा अपघातानंतर आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून शिवतात, तो स्टोमा. मोठ्या आतड्याची ती कोलोस्टॉमी, लहान आतड्याची बहुधा इलिओस्टॉमी आणि लघवीसाठी केलेली युरोस्टॉमी. त्यावर बॅग धरून ठेवणारी चकती म्हणजे फ्लँज. तिच्या चिकट थरात पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोजपासून केलेला गोंद असे पदार्थ असतात. हा थर अंगाच्या उबेने मऊ होतो आणि कातडीच्या बारीक सुरकुत्यांत शिरतो. तेव्हाच त्याची पकड बसते. गार कपाटातून काढलेली फ्लँज गार पोटावर लावली, की तो कडकच राहतो.

म्हणून बॅग बदलायच्या आधी फ्लँज पाकिटासकट काखेत किंवा मांडीखाली धरावी. लावल्यावर वर तळहात ठेवून दोन-तीन मिनिटं स्वस्थ बसावं. फ्लँजखाली लावायची पेस्ट घट्ट झाली असेल तर ट्यूब कोमट पाण्यात ठेवली की पुरे. तवा, मायक्रोवेव्ह असले प्रयोग नकोत. आणि वाफेने भरलेल्या न्हाणीघरात बॅग लावू नये. कातडी पुसली तरी तिथे लगेच दमट होते.

या गोंदाचा एक पूर्वज आपल्याच रानातला आहे. कांडोळ नावाचं पांढऱ्या खोडाचं झाड महाराष्ट्राच्या जंगलांतही उभं असतं. त्याचा डिंक, म्हणजे कराया, गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचे सर्जन रूपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला वापरला. त्यांच्याच रुग्ण नॉर्मा गिल १९५८ मध्ये तिथे इतर रुग्णांना बॅग सांभाळायला शिकवू लागल्या. स्वतः इलिओस्टॉमीसह जगणाऱ्या गिलबाईंपासून स्टोमा थेरपिस्ट हा पेशाच उभा राहिला. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधलं स्टोमा क्लिनिक हे त्याच परंपरेतलं.

पकड बिघडवणारी दुसरी गोष्ट मात्र आपल्या लाडाची आहे: तेल. हिवाळ्यात कातडी फुटते आणि घरातलं कुणीतरी तिळाच्या किंवा खोबरेल तेलाची वाटी घेऊन येतंच. हातापायांना खुशाल चोळा, पण फ्लँजखालच्या जागेला तेल, व्हॅसलीन, कोल्ड क्रीम लावायचं नाही. मलईदार साबण आणि बाळांचे ओले वाइप्सही मागे तेलकट थर ठेवतात. तिथे नुसतं कोमट पाणी आणि मऊ फडकं. तरीही कातडी सोलवटत असेल तर स्टोमा नर्सला दाखवावं.

थंडीत तहान लागत नाही, ही इलिओस्टॉमीवाल्यांची खरी पंचाईत. लहान आतड्याच्या टोकाशी रोज साधारण दीड लिटर द्रव पोहोचतो आणि एरवी मोठं आतडं त्यातला बराचसा शोषून घेतं. इथे ती सोयच नाही, त्यामुळे पाण्याबरोबर मीठही जातं. चहाच्या कपांवर भागत नाही. बॅगेतला मल फार पातळ झाला, लघवी गडद होऊ लागली, पोटऱ्यांत गोळे आले तर ओआरएस घ्यावं. अशा वेळी नुसतं पाणी ढोसून उपयोग नसतो. कोलोस्टॉमीत पाणी कमी पडलं की उलट बद्धकोष्ठ होतं, युरोस्टॉमीत जंतुसंसर्गाची भीती.

आता खाण्याचं. हुरडा, भोगीची भाजी, बोरं, पेरू, तीळ-शेंगदाण्यांच्या वड्या: सगळी मजा याच महिन्यांत. कोलोस्टॉमी स्थिरावली असेल तर बहुतेक सगळं चालतं. इलिओस्टॉमीत मात्र न चावलेला दाणा, बिया, साल, खोबऱ्याचा चोथा अडकू शकतो. एकदम ताटभर हुरड्यावर तुटून पडण्यापेक्षा मूठभर घ्यावा, तोंडातच पीठ होईपर्यंत चावावा. शस्त्रक्रियेला थोडेच आठवडे झाले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

पोट शेकायची गरम पाण्याची पिशवी स्टोमावर कधीही ठेवू नये. स्टोमाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे भाजलं तरी समजत नाही. खोकला-शिंक आली की हाताने स्टोमा आतल्या बाजूला दाबून धरावा. त्याच्या शेजारी हर्निया व्हायची शक्यता असते. स्वेटर-शालीखाली बॅग छान झाकली जाते, पण तेवढ्याचमुळे ती भरलेली लक्षात येत नाही. एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. इलिओस्टॉमीची बॅग कित्येक तास कोरडीच राहिली, वर पोटात कळा आणि उलट्या सुरू झाल्या, तर ओवा-हिंगाचे उपाय करत न बसता थेट रुग्णालय गाठावं, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.