पडलेला लॅपटॉप : निदानाचा क्रम व दुरुस्ती

संशोधक विद्यार्थ्याच्या लॅपटॉपात आज त्याच्या प्रबंधाची टाचणे, प्रयोगांच्या नोंदी व प्रकरणांचे मसुदे साठविलेले असतात. यंत्र मेजावरून पडले म्हणजे ते चालू होते की नाही, हे पाहण्याची घाई स्वाभाविक होय. परंतु ह्या घाईनेच पुष्कळदा मूळ आघाताहून अधिक हानी होते. यंत्र नवे घेता येते. दोन वर्षांच्या नोंदी विकत मिळत नाहीत. म्हणून पडलेल्या लॅपटॉपाची परीक्षा कोणत्या क्रमाने करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम आघाताचे स्वरूप पाहू. ७५ सेंटिमीटर उंचीच्या मेजावरून पडणारी वस्तू सुमारे ०.३९ सेकंदात, दर सेकंदास ३.८ मीटर वेगाने जमिनीवर पोहोचते. फरशीवर आपटून ती १ मिलिमीटर अंतरात थांबली, तर तिचे सरासरी मंदन गुरुत्वत्वरणाच्या ७५० पट होते. जाड पिशवीमुळे ती १० मिलिमीटरात थांबली, तर तेच ७५ पट होते. यंत्र बहुधा एका कोपऱ्यावर आपटते, आणि तेथून आघात बिजागरी, पडदा व मदरबोर्ड ह्यांच्यापर्यंत पसरतो. त्यामुळे आवरणावरील खूण एके ठिकाणी आणि बिघाड दुसऱ्याच ठिकाणी, असे वारंवार आढळते.

परीक्षेची पहिली पायरी बॅटरीची. यंत्राचा तळ फुगलेला दिसला, ते विनाकारण तापू लागले किंवा गोडसर रासायनिक वास आला, तर ते तत्काळ बंद करावे व चार्जर लावू नये. लिथियम-आयन घटाच्या दोन अग्रांमधील पातळ विभाजक फाटल्यास आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. अशी बॅटरी दाबू वा टोचू नये. ती बदलणे हाच उपाय आहे.

दुसरी पायरी साठवणीची. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेते, आणि वाचनशीर्ष तिच्यापासून केवळ काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. डिस्क चालू असताना यंत्र पडले, तर हे शीर्ष पृष्ठभागावर आदळण्याचा संभव असतो. टकटक किंवा खरखर ऐकू आल्यास वीज तोडावी. पुढचा प्रत्येक फेरा पृष्ठभाग खरवडीत असतो. अशी डिस्क विशेषज्ञाकडेच द्यावी. आवाज नसेल, तर अन्य कोणतीही परीक्षा करण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत बाहेर काढावी. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्रॅम मूळ डिस्कवर न चालविता तिच्या प्रतीवर चालवावेत. एसएसडीत हलणारे भाग नसल्याने ती बहुधा वाचते. ती सुटी असल्यास बाहेरील पेटीत बसवून दुसऱ्या संगणकावर वाचता येते. मात्र ती कूटबद्ध असल्यास पुनर्प्राप्तीची किल्ली हाताशी हवी.

नोंदी सुरक्षित झाल्यावर मगच दोषाचा शोध घ्यावा. प्रत्येक चाचणीने संभाव्य कारणांतील काही कारणे बाद व्हावीत, हे ह्या शोधाचे तत्त्व होय. पडदा काळा असेल, तर बाहेरचा मॉनिटर जोडावा. त्यावर चित्र उमटले, तर मदरबोर्ड सामान्यतः ठीक असून दोष पडद्यात किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलीत आहे. पडद्यावर विजेरीचा तिरपा प्रकाश टाकून अंधुक चित्र दिसल्यास मागील प्रकाशयोजना बिघडली असे समजावे. झाकण हलविताच चित्र जात-येत असेल, तर केबलीचा संशय बळावतो.

यंत्रात जीवच नसेल, तर त्याच जातीच्या दुसऱ्या चार्जरने पाहावे. चार्जर लावलेला असताना पडलेल्या यंत्राची पिन-जागा अनेकदा उखडते. त्यानंतर वीज तोडून, बॅटरीची जोडणी सोडवून, सुटी रॅम काढून पुन्हा बसवावी. एवढ्यानेही पुष्कळ यंत्रे सुरू होतात. आवरण दाबले असता यंत्र चालते व सोडले असता बंद पडते, असे दिसल्यास मदरबोर्डवरील डाखाचा एखादा सांधा तडकलेला असण्याचा संभव आहे. गरम हवेने तो तात्पुरता जुळतो, पण टिकत नाही. तो नव्याने डाखावा लागतो.

पडदा, केबल, पिन-जागा व बिजागरी हे भाग बहुधा बदलता येतात. तुटलेल्या बिजागरीचे झाकण मात्र वारंवार उघडू नये. त्या ओढीने सुस्थितीतील केबलही फाटते. मदरबोर्डचा खर्च यंत्राच्या किमतीजवळ जात असेल, तर दुरुस्तीचा आग्रह सोडणे श्रेयस्कर.

ह्या सर्व क्रमाचा कठीण भाग नोंदी वाचविण्याचा आहे. ज्याने त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आधीच ठेवली आहे, त्याच्या दृष्टीने पडलेला लॅपटॉप हा केवळ खर्चाचा प्रश्न उरतो.