दुगाडचं धुकं

भिवंडीचा नदीनाका ओलांडून वाड्याच्या रस्त्याला लागलं की यंत्रमागांचा खडखडाट शेलारपर्यंत साथ देतो. पुढे तो मागे पडतो, रस्त्याच्या कडेला भातखाचरं दिसायला लागतात आणि डोंगर जवळ सरकतात. सुमारे १५ किलोमीटरवर दुगाड फाटा येतो. आंबाडीला आणि वज्रेश्वरीला जाणारे बहुतेकजण या फाट्यावरून थेट पुढे निघून जातात. मीही कित्येक वर्षं तसाच जात होतो. या गावाच्या माळावर १२ डिसेंबर १७८० च्या पहाटे पेशव्यांचा एक मोठा सरदार, रामचंद्र गणेश कानडे, लढता लढता पडला, हे कळल्यापासून मात्र माझी गाडी इथे आपोआप आत वळते.

रामचंद्र गणेश हे काही लहानसहान नाव नाही. पानिपतानंतर मराठ्यांची जी मोठी फौज १७६९ मध्ये पुन्हा उत्तरेत उतरली, तिच्या प्रमुखांपैकी ते एक. १७८० मध्ये त्यांना कोकणात यावं लागलं ते वसईसाठी. राघोबादादांच्या निमित्ताने इंग्रजांशी सुरू झालेलं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. जनरल गॉडार्डने वसईला वेढा घातला होता आणि नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच्या तोफा सुरू झाल्या होत्या. घाटावरून येणारी मराठी कुमक वसईपर्यंत पोहोचू नये म्हणून कर्नल हार्टले मध्ये ठाण मांडून होता. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची दाणादाण उडाली, तेव्हा त्यांची पिछाडी सांभाळणारा हार्टले तो हाच. चिवट माणूस. त्याच्याकडे दोनेक हजार माणसं होती. त्यात बहुसंख्य देशी शिपाई, मुंबईच्या फौजेतले, लाल डगला घातलेले. रामचंद्रपंतांकडे घोडदळ आणि पायदळ मिळून वीस हजारांच्या वर फौज होती, असं इंग्रजांच्या बाजूची वर्णनं सांगतात.

एकास दहा. तरीही १० डिसेंबरला मराठ्यांनी पुढून आणि मागून केलेले हल्ले परतवले गेले. ११ तारखेलाही तेच झालं. त्या रात्री हार्टलेने आपल्या दोन्ही बगलांच्या टेकड्यांवर मोर्चे बांधले आणि तोफा चढवल्या. पहाटे दाट धुकं पडलं. त्या धुक्याच्या आडून रामचंद्रपंत स्वतः अरबांची तुकडी आणि कवायती पायदळ घेऊन उजवीकडच्या टेकडीवर चालून गेले. कवायती पायदळाचा अधिकारी नरोन्हा नावाचा पोर्तुगीज होता. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये ज्या पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यांच्यातलाच एकजण एक्केचाळीस वर्षांनी वसई मराठ्यांकडे राहावी म्हणून या चढावर लढत होता. ही गोष्ट मला अजून अंगावर काटा आणते. हल्ला टेकडीच्या जवळ येऊन भिडला आणि एकाएकी धुकं फाटलं. समोर उघड्यावर आलेल्या गर्दीवर तोफा सुटल्या. रामचंद्रपंत ठार झाले, नरोन्हा जखमी झाला, फौज मागे हटली.

पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकतं. वाचताना मनात दोनच प्रश्न राहतात. वीस हजारांना दोन हजार का आवरले नाहीत? आणि एवढ्या मोठ्या सेनापतीला स्वतः चढावर जायची काय गरज होती? या प्रश्नांची उत्तरं मला पुस्तकात मिळाली नाहीत. ती मिळाली आमच्या घराच्या गच्चीवर, दिवाळीच्या किल्ल्यात.

आपल्याकडे दिवाळीत घरोघरी किल्ला होतोच. दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, हळीव पेरलेला उतार आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. जगात इतरत्र हाच छंद मोठी माणसं गंभीरपणे करतात. प्रशियाच्या लष्करात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा युद्धखेळ रूढ केला. त्यात पंच असायचा, आणि समोरच्याची फौज कुठे आहे हे खेळाडूला दिसायचं नाही. एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. आज त्यालाच वॉरगेमिंग म्हणतात. आमच्या पोरांकडे किल्ला होता, मावळे होते. नियम तेवढे नव्हते.

म्हणून गेल्या दिवाळीत भाचरांना म्हटलं, यंदा किल्ला नको, रणांगण करू. सहा फूट बाय चार फुटांची प्लायवूडची फळी घेतली. नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहून थर्माकोलचे थर कापले, एकावर एक चिकटवले आणि वर गोणपाट चढवलं. माळावरच्या टेकाडांतून आमच्यापुरत्या दोन टेकड्या धरल्या. शंभर माणसांना एक मातीचा शिपाई, असा हिशेब. हार्टलेचे वीस, त्यांना लाल रंग. रामचंद्रपंतांचे दोनशे. भाचीने एका शिपायाचा फेटा भगवा रंगवला, ते पंत. राहिलं धुकं. ते शेजारच्या कारखान्यातून आलं. मागाखाली साचणारं सुताचं तूस पिशवीभर आणलं आणि फळीवर पसरलं. भिवंडीत एवढं तर फुकट मिळतं.

पहिल्याच डावात पहिल्या प्रश्नाचा निकाल लागला. दोनशे शिपाई फळीवर उभे करायलाच जागा पुरेना. उताराच्या तोंडाशी एका ओळीत जेमतेम बारा मावले, बाकीचे मागे ताटकळत. भाचा वैतागून म्हणाला, “मामा, मागचे सगळे नुसते बघत बसलेत!” अगदी खरं. पुढची ओळ पडेपर्यंत मागच्यांना करण्यासारखं काही नाही. शिवाय घोडदळ मराठ्यांचं बळ. ते माळावर वाऱ्यासारखं धावेल, पण तोफ लावलेल्या टेकडीपुढे त्याचा वेग वाया जातो. दहापट फौजेचा फायदा त्या अरुंद चढावर विरघळून जातो.

दुसऱ्या प्रश्नाला आठवडा लागला. धुक्याचा नियम आम्ही असा ठरवला: दर फेरीला फासा टाकायचा. पहिल्या फेरीत सहा पडले तरच धुकं उठेल, दुसरीत पाच किंवा सहा, तिसरीत चार ते सहा, असं वाढत जायचं. धुकं असेपर्यंत तोफेचा मारा वीतभर. धुक्याविना खेळलेल्या प्रत्येक डावात मराठे उताराच्या मध्यावरच संपले. धुक्यातल्या डावांत मात्र तीनदा भगवा फेटा माथ्यावर पोहोचला, आणि तोफ हातात आल्यावर हार्टलेची सगळी बगल उघडी पडली. एका निरोपाची चिठ्ठी आम्ही बंद पाकिटात ठेवली होती. ती डाव संपल्यावर उघडायची: ‘वसई ११ तारखेलाच पडली.’ पहिल्यांदा ती वाचली तेव्हा पोरं बराच वेळ गप्प होती.

दुगाडचा हल्ला म्हणजे हताश उडी, असं मीही समजत होतो. आता तसं वाटत नाही. दोन दिवस माळावरून डोकं आपटून पाहिल्यावर तोफा निकामी करायचा एकच रस्ता उरला होता, आणि तो धुक्यातूनच जात होता. पण धुक्यात जरीपटका दिसत नाही, इशारे दिसत नाहीत, हाताखालचा सरदार पन्नास पावलांवर असला तरी दिसत नाही. अशा वेळी फौजेला एकत्र ठेवायचं तर सेनापतीला पुढच्या ओळीतच असावं लागतं. पंत चढावर गेले ते म्हणूनच, असं माझं मत आहे.

हे ठिकाण पाहायचं तर डिसेंबरातच यावं, आणि पहाटे यावं. भात कापून झालेलं असतं, खाचरात वाल उगवलेला असतो, पेंढ्याला दवाचा वास येतो. हाताशी पूर्ण दिवस असेल तर गावामागच्या रानातून गुमतारा किल्ल्यावर जाता येतं. वाट दमवणारी आहे, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, आणि खालचा मुलूख तळहातासारखा दिसतो. उतरल्यावर वज्रेश्वरी जवळच. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी अप्पांनी इथे केला होता असं सांगतात, आणि देवळाला किल्ल्यासारखी तटबंदी आहे. वसई जिंकल्याची खूण इथे आणि ती राखण्यासाठी दिलेला प्राण तिथे, दोन्ही एका सकाळीत पाहून होतं. पुढे १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई मराठ्यांना परत मिळाली. ती पाहायला रामचंद्रपंत नव्हते.

मागच्या १२ डिसेंबरला भाचीला घेऊन सहाच्या आत माळावर पोहोचलो. समोरचं झाड दिसत नव्हतं. वालाला राखण करायला निघालेल्या एका बाबांना विचारलं, धुकं रोज एवढं असतं का? “थंडी धरली का नऊ वाजेपर्यंत समोरचा बैल नाय दिसत,” ते म्हणाले, “आणि उठलं का एकदम उठतं.” आम्ही आम्हीच धरलेल्या टेकडीचा चढ चढायला लागलो. भाची पुढे, पावलं मोजत. दगड निसरडे, गवत भिजलेलं, आपलाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. मग उजेड पांढरा झाला, पिवळा झाला, आणि दोन-तीन मिनिटांत सगळा माळ, खाचरं, गुमताऱ्याचा कडा लख्ख समोर उभा राहिला. ती जागच्या जागी थांबली. वर माथा दिसत होता. तिथून तिने हळूहळू उरलेली पावलं मोजली.

“अजून साठ होती, मामा.”

घरी आल्यावर हातपाय न धुताच ती गच्चीवर गेली. फळीवरचं तूस बाजूला केलं, भगव्या फेट्याचा शिपाई उचलला आणि माथ्यापासून चार बोटं खाली ठेवला.