लेक गाइडमध्ये आहे? मग लुंबिनीची सहल तिलाच आखू द्या

दरवर्षी आपल्या वस्त्यांमधून बुद्धभूमी दर्शनाच्या बसगाड्या निघतात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी हा मार्ग ठरलेला असतो. मोठी माणसे श्रद्धेने वंदना घेतात आणि मुले मागच्या सीटवर मोबाइल बघत बसतात. मुलांचा यात दोष नाही. कुठे जायचे, का जायचे, काय बघायचे हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

यंदा आम्ही वेगळे ठरवले आहे. आमची लेक तेरा वर्षांची आहे आणि शाळेच्या गाइड पथकात आहे. नकाशा वाचणे, प्रथमोपचार, सामान बांधणे, खर्चाची नोंद ठेवणे हे सगळे ती तिथे शिकते. मग परदेशाची पहिली सहल तिनेच आखावी आणि आम्ही मागे उभे राहावे, असा विचार केला. परदेश म्हणजे लंडन-अमेरिकाच असे नाही. नेपाळही परदेशच आहे, आपल्या खिशाला झेपणारा आहे आणि भारतीय नागरिकांना तिथे व्हिसा लागत नाही. गेल्या काही महिन्यांत या तयारीत जे समजले ते इथे मांडत आहोत. विहारातील युवक-युवती मंडळांना त्याचा उपयोग होईल.

आधी एका शंकेविषयी. अनेक बौद्ध पालक मुलीला गाइडमध्ये घालताना अडखळतात, कारण तिथल्या वचनात ईश्वराप्रती कर्तव्याचा उल्लेख येतो. २२ प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलीने हे वचन कसे घ्यायचे? भारत स्काउट्स आणि गाइड्स या संस्थेच्या नियमांतच याचे उत्तर आहे. ज्याला हवे त्याला 'ईश्वर' या शब्दाच्या जागी 'धर्म' हा शब्द वापरता येतो. ही मुभा फारशी कोणी सांगत नाही. गाइड कॅप्टनशी शांतपणे बोलावे. त्यासाठी भांडण करावे लागत नाही आणि मुलीला गप्प राहून ओठ हलवावे लागत नाहीत. आमच्या लेकीने 'धर्म' हा शब्द घेतला आणि त्याचा अर्थ 'धम्म' असा लावला. एवढ्या एका कारणावरून मुलींना या चळवळीपासून दूर ठेवणे आम्हाला पटत नाही.

आता कागदपत्रे. इथेच सर्वाधिक गोंधळ होतो. नेपाळला जाताना प्रौढ भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र हवे. केवळ आधार कार्डावर प्रौढाने विसंबून राहू नये. पंधरा वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना मात्र आधार चालते, तशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये काढली. १५ ते १८ वयाच्या मुलामुलींना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेले ओळखीचे प्रमाणपत्र चालते. हे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी पुन्हा खात्री करावी. आमचे मत विचाराल तर मुलीचा पासपोर्ट काढूनच ठेवावा. आज नेपाळसाठी, उद्या शिष्यवृत्तीसाठी. आपल्या घरांमध्ये पासपोर्ट बहुधा नोकरी लागल्यावर निघतो, आणि तोही आधी मुलाचा.

याला जोडून एक गंभीर गोष्ट. गोरखपूरहून आपण सोनौली नाक्यावरून नेपाळमध्ये शिरतो. भारत-नेपाळ सीमा खुली आहे आणि याच सीमेवरून नेपाळी मुलींची फसवून विक्री होत आली आहे. अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेली 'माइती नेपाल' ही संस्था सीमेवरच्या नाक्यांवर कार्यकर्त्या उभ्या करून मुलींची चौकशी करते. तुमच्यासोबतच्या मुलीलाही कोणी बाजूला घेऊन "हे कोण तुझे?" असे विचारले तर रागावू नका. तिचा जन्मदाखला, आईवडिलांच्या ओळखपत्रांच्या प्रती सोबत ठेवा. मामा किंवा काका घेऊन जात असतील तर आईवडिलांचे सहीचे संमतीपत्रही ठेवा. मुलीला हे आधीच समजावून सांगा. आम्ही सांगितले, तेव्हा तिने तासभर प्रश्न विचारले. परदेश सहलीचा एवढा मोठा धडा कोणत्याच पुस्तकात नसेल.

प्रवासाचे म्हणाल तर मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेस थेट गोरखपूरला जाते, नागपूरकरांना राप्तीसागर एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नसते. गोरखपूर ते सोनौली साधारण शंभर किलोमीटर, बस मिळतात. सीमा ओलांडली की चार-पाच किलोमीटरवर भैरहवा आणि तिथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. खरी अडचण तारखांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत जावे असे सगळ्यांनाच वाटते, पण दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते आणि पूर्वांचलाकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. नाताळच्या सुट्टीत धुके पडते, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. मे महिन्यात बुद्धपौर्णिमा असते खरी, पण तराईतला उन्हाळा लहानांना सोसत नाही. ६ डिसेंबरच्या आसपास आपण चैत्यभूमीवर असतो. लेकीने कॅलेंडर पुढे घेऊन फेब्रुवारीचा पहिला आठवडा काढला. शाळेच्या पाच-सहा दिवसांसाठी तिने वर्गशिक्षिकांना स्वतः अर्ज लिहिला आणि परतल्यावर वर्गात माहिती सांगण्याचे कबूल केले. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, तो दिवस तिने भिंतीवर लिहून ठेवला आहे.

पैशांचा हिशेब सोपा आहे. भारताच्या १०० रुपयांचे नेपाळचे १६० रुपये होतात, हा दर ठरलेला आहे. शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांबाबतचे नियम मात्र बदलत आले आहेत, म्हणून सोबत शंभराच्याच नोटा जास्त ठेवाव्यात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते, हे परतीची बस पकडताना ध्यानात ठेवावे. लुंबिनीत अनेक देशांचे विहार आहेत, त्यांपैकी काहींत यात्रेकरूंची राहण्याची साधी सोय होते. कोरियन विहार यासाठी ओळखीचा आहे. तिथे आपण पाहुणे असतो, म्हणून वेळा पाळाव्यात आणि यथाशक्ती दान द्यावे. डासांचे मलम व पूर्ण बाह्यांचे कपडे विसरू नयेत.

आता ज्यासाठी जायचे त्याकडे येऊ. लुंबिनीत बघायचे काय? मायादेवी मंदिराशेजारी अशोकाचा स्तंभ उभा आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख १८९६ मध्ये उजेडात आला. राज्याभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा स्वतः इथे आला, बुद्ध शाक्यमुनींचा जन्म इथे झाला म्हणून त्याने पूजा केली, गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नातील राजाचा वाटा आठव्या भागावर आणला, असा त्याचा आशय आहे. एवढ्या मोठ्या सम्राटाने त्या जागी शेतकऱ्यांचा कर कमी केल्याची नोंद कोरून ठेवावी, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. याच अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे १८८२ मध्ये आपल्या नालासोपाऱ्यात सापडले. म्हणून जाण्याआधी लेकीला कान्हेरीला नेणार आहोत. दहा-बारा ब्राह्मी अक्षरे ओळखता आली तरी स्तंभासमोर ती नुसती उभी राहणार नाही, वाचायला बघेल.

मंदिराच्या आत फोटो काढता येत नाहीत, हे उत्तमच. २०१३ मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबिन कनिंगहॅम यांच्या चमूने मंदिराखालच्या उत्खननात इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील लाकडी रचनेच्या खुणा सापडल्याचे जाहीर केले. ती रचना नेमकी कशाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलींना हे मतभेदही सांगावेत. तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका असे सांगितले, ते इथे लागू होत नाही की काय?

याहून रंगतदार वाद कपिलवस्तूचा आहे. नेपाळच्या मते ती लुंबिनीच्या पश्चिमेला तिलौराकोट इथे होती. भारतातील अनेक अभ्यासक सिद्धार्थनगर जिल्ह्यातील पिपरहवाकडे बोट दाखवतात. पिपरहवाच्या स्तूपात १८९८ मध्ये पेपे या इंग्रज जमीनदाराला अस्थी आणि रत्ने सापडली. त्यांतील काही रत्ने हाँगकाँगच्या लिलावात निघाली होती, ती विरोधानंतर २०२५ मध्ये भारतात परत आली. त्याच काळात फ्यूहरर नावाच्या सरकारी पुरातत्त्व अधिकाऱ्याने बनावट पुरावे तयार केल्याचे उघड झाले आणि त्याला पद सोडावे लागले. आम्ही लेकीला दोन्ही बाजू वहीत लिहायला सांगितल्या आहेत. तिलौराकोटचे दरवाजे आणि तटबंदी बघून ती आपले मत ठरवेल. ते आमच्यापेक्षा वेगळे निघाले तरी चालेल.

एक दिवस सायकलींसाठी राखला आहे. जपानी वास्तुविशारद केन्झो तांगे यांच्या १९७८ च्या आराखड्यानुसार लुंबिनी वसवलेली आहे. मध्ये लांब कालवा, पूर्वेला थेरवादी देशांचे विहार, पश्चिमेला महायान व वज्रयान परंपरांचे. म्यानमार, थायलंड, चीन, जर्मनी असे एका दुपारी फिरता येते. आपला धम्म किती भाषांत बोलतो हे मुलीला दिसेल.

काठमांडू या वेळी वगळले आहे, रस्ता लांबचा आहे. पण नोव्हेंबर १९५६ मध्ये तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेब बुद्ध आणि मार्क्स यांच्याविषयी बोलले, ते भाषण निघण्यापूर्वी घरी मोठ्याने वाचणार आहोत.

शेवटी गणवेशाविषयी. ही कुटुंबाची सहल आहे, म्हणून गाइडचा गणवेश घालायचा नाही. नेपाळ स्काउट्सच्या मुलींना भेटायचे किंवा पथक म्हणून जायचे असेल तर कॅप्टनमार्फत जिल्हा व राज्य कार्यालयाची परवानगी आणि ओळखपत्र आधी मिळवावे लागते. त्याला महिने लागू शकतात. चार-पाच मुलींना नेण्याचा विचार करणाऱ्या मंडळांनी सोबत एक जबाबदार महिला, प्रत्येक पालकाचे लेखी संमतीपत्र, मुलींच्या औषधांची व रक्तगटाची यादी एवढे तरी ठेवावेच. परदेशी गाइडना भेटण्याची हौस असेल तर त्यासाठी सीमाही ओलांडावी लागत नाही. गाइडांच्या जागतिक संघटनेचे 'संगम' हे केंद्र १९६६ पासून पुण्यात आहे. आधी पत्र लिहून वेळ घ्यावी आणि मुलींना एक दिवस तिथे घेऊन जावे.