गाडीची दुरुस्ती : ऐकीव माहिती आणि छापील माहिती

हदगावसारख्या तालुक्याच्या गावी ज्याच्याकडे जुनी ओम्नी, बोलेरो किंवा छोटा टेम्पो आहे, त्याचे अर्धे दुकान त्या गाडीवर चालते. कापडाचे गठ्ठे आठवडी बाजाराला न्यायचे, नांदेडहून माल आणायचा, तयार केलेले कपाट गिऱ्हाइकाच्या दारी पोचवायचे, सारे त्याच गाडीने. गाडी बंद पडली की दुरुस्तीचा खर्च तर होतोच, शिवाय बाजार बुडतो तो वेगळा. म्हणून आपले अनेक बांधव किरकोळ काम स्वतःच्या हाताने करतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु ते काम कोणाच्या सांगण्यावरून करतात, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आमचाच अनुभव सांगतो. एकदा आमची गाडी सकाळी सुरू होईना. शेजारचे म्हणाले, बॅटरी गेली. नवी घातली. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या एका भाईंनी स्टार्टर उघडायला लावला. तोही उघडून पाहिला. शेवटी एक जुने मिस्त्री आले. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावली आणि आम्हाला चावी फिरवायला सांगितली. काटा जवळजवळ दोन व्होल्टवर गेला. इंजिनची अर्थिंगची पट्टी गंजून सैल झाली होती. सँडपेपरने घासून आवळली, गाडी सुरू. पैसे घेतले नाहीत, पण सुनावले : "मियाँ, पहले मीटर लगाते तो नयी बॅटरी लेनी पडती क्या?"

तेव्हापासून काही शे रुपयांचा मल्टिमीटर आमच्या गाडीत असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ दाखवली तर ती निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना जुन्या गाड्यांत १३.८ ते १४.४ यायला हवे; बारावरच अडले तर दोष बॅटरीत नसून अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट पाहावा. वर सांगितलेल्या अर्थिंगच्या परीक्षेत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आले की पट्टी खराब समजावी.

आता छापील माहितीकडे वळू. गाडीसोबत मिळालेले मालकाचे पुस्तक अनेकांच्या गाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत तसेच पडून असते. कोणते ऑइल, किती लिटर, कोणता फ्यूज कशाचा, ब्रेक ऑइल कोणत्या दर्जाचे, हे सर्व त्यात आहे. टायरमधील हवेचा आकडा तर बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच चिकटवलेला असतो. तरीही आपण ऑइलच्या दुकानात "सगळे हेच घालतात" एवढ्यावर डबा उचलतो. ज्या इंजिनला ५डब्ल्यू-३० सांगितले आहे, त्यात २०डब्ल्यू-४० घातल्यास थंडीच्या सकाळी ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो व झीज होते. हे नुकसान त्याच दिवशी दिसत नाही, म्हणून सांगणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही.

मोबाइलवरचे व्हिडिओ उपयोगी पडतात, परंतु एकाच नावाच्या गाडीत सालानुसार इंजिन, वायरिंग व सेन्सर बदललेले असतात. पार्ट घेताना गाडीचे नाव सांगून भागत नाही. चेसिस नंबर व गाडी बनल्याचा महिना-साल जवळ ठेवावे.

खरी अडचण आहे ती वर्कशॉपच्या पुस्तकाची. हेडचे बोल्ट कोणत्या क्रमाने व किती जोराने आवळायचे, हे मालकाच्या पुस्तकात नसते. जाणत्या उस्तादांचा हात अंदाजाने बरोबर आवळतो हे आम्ही पाहिले आहे. पण ॲल्युमिनियमच्या हेडला तो अंदाज चुकला तर गॅस्केट फुटते, आणि शागिर्दाच्या हातात तो अंदाज यायला वर्षे जातात. ही पुस्तके व तपासणीची यंत्रे बाहेरच्या मिस्त्रींना मिळत नाहीत, अशी तक्रार शमशेर कटारिया यांनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली होती. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने ती ग्राह्य धरून १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली. त्यानंतर २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे त्यात आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी असाच हक्क २०१२ मध्येच मतदानाने मिळवला होता.

बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हापासूनच्या मोटारींत डॅशबोर्डखाली १६ पिनांचे सॉकेट हमखास असते. त्याला छोटे स्कॅनर लावले की दोषाचा कोड मिळतो. इथेही घाई नको. पी०१७१ हा कोड इंजिनला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळते एवढेच सांगतो. त्यामागे फाटलेला हवेचा पाइप असेल, घाण झालेला सेन्सर असेल किंवा दमलेला पेट्रोल पंप. कोड पाहून लगेच महागडा सेन्सर बदलणारे आम्ही पाहिले आहेत.

काही कामांना मात्र आम्ही घरी हात लावत नाही. एअरबॅगची वायरिंग, ब्रेकचे आतले काम आणि कॉमन रेल डिझेलचे पाइप. या पाइपांतील दाब हजार बारच्या पुढे जातो. चालू इंजिनवर नट सैल केल्यास डिझेलची धार कातडीत घुसते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवा.

मिस्त्री बांधवांच्या मुलांसाठी एक माहिती. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा व मेकॅनिक डिझेल हा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यांची पुस्तके चेन्नईची निमी ही सरकारी संस्था काढते, हिंदीतही. प्रवेश घेतला नाही तरी पुस्तक घेता येते. आम्हाला बॅटरीचे दुखणे दाखवणाऱ्या मिस्त्रींच्या नातवाने ते घेतले आहे. संध्याकाळी दुकान आवरल्यावर तो वाचून दाखवतो, आणि जिथे पटत नाही तिथे चाचा त्याला थांबवून पाना हातात घेतात.