विकत घेतलेला खेळ नक्की कोणाचा?

‘द क्रू’ नावाचा मोटारींच्या शर्यतीचा एक व्हिडिओ गेम होता. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणला. अख्ख्या अमेरिकेचा लहान केलेला नकाशा त्यात होता. न्यूयॉर्कहून गाडी काढायची आणि पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत हाकत न्यायची. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि तो खेळ बंद पडला. एकट्याने खेळायचे म्हटले, तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्याशिवाय तो सुरूच होत नसे. पाठोपाठ अनेकांच्या खात्यातून त्याचा परवानाही काढून घेतला गेला. घरातली वस्तू कोणी उचलून नेली तर आपण पोलिसांत जाऊ. इथे तक्रार तरी कशाची करायची?

‘हे पोरांचे खेळ, आपल्याला काय त्याचे,’ असे काही वाचकांना वाटेल. पण नव्या मोठ्या गेमला आज चार-पाच हजार रुपये पडतात आणि ते आई-बाबांच्या किंवा आजी-आजोबांच्या खिशातून जातात. तेव्हा त्या पैशांत आपल्याला नक्की काय मिळते, हे घरातल्या मोठ्यांना माहीत असलेले बरे.

सरळ उत्तर असे की, डाउनलोड केलेल्या गेमची मालकी आपल्याला मिळत नाही. मिळतो तो वापरण्याचा परवाना. बटणावर ‘बाय’ लिहिलेले असले, तरी आपण न वाचता ‘आय अ‍ॅग्री’ म्हणतो त्या करारात तो परवानाच असतो. यावर अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. डिजिटल वस्तू विकताना ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा असेल, तर हा फक्त परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवे, असा त्याचा गाभा. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कॉम्प्युटर गेम्सचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’ने पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना लावली.

पूर्वी हा प्रश्न पडत नसे. आमच्या पिढीने टीव्हीला जोडायच्या गेममध्ये पिवळ्या, काळ्या कॅसेटी खुपसल्या. चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. एकाची कॅसेट आठवडाभर दुसऱ्याकडे, दुसऱ्याची पहिल्याकडे. कंटाळा आला की दुकानदाराला थोडे पैसे देऊन बदलून आणायची. वस्तू हातात होती, म्हणून ती उसनी देता येत होती, विकता येत होती, धाकट्या भावाला देता येत होती.

आपल्या बडोद्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणले आणि वाचनालयांचे जाळे विणले. फिरत्या वाचनालयाच्या पेट्या पुस्तके भरून गावोगाव जात. एकदा घेतलेले पुस्तक कितीही जणांनी वाचावे, त्यासाठी प्रकाशकाला विचारावे लागत नाही, यावरच तर ती सगळी व्यवस्था उभी होती. स्टीमच्या करारानुसार खाते दुसऱ्याला विकता येत नाही, नावावरही करून देता येत नाही. आजोबांची पुस्तके नातवाकडे येतात, खात्यातल्या दोनशे गेम्स नियमाने येत नाहीत.

कंपन्यांना ही देवाणघेवाण फारशी आवडत नाही, आणि २०१३ मध्ये ते उघड दिसले. मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ जाहीर केला, तेव्हा यंत्राला दर २४ तासांनी इंटरनेटवर हजेरी लावावी लागणार होती आणि जुन्या डिस्कच्या विक्रीवर बंधने येणार होती. ग्राहक इतके खवळले की, काही दिवसांतच, जूनमध्ये, कंपनीला दोन्ही अटी मागे घ्याव्या लागल्या. त्याच सुमारास सोनीने आपल्या यंत्रावर गेम मित्राला कसा द्यायचा, हे दाखवणारी छोटी फीत काढली. एक माणूस डिस्क दुसऱ्याच्या हातात देतो. संपली फीत.

पण त्याच सोनीने नोव्हेंबर २०२० मध्ये ‘प्लेस्टेशन ५’ची एक आवृत्ती डिस्कच्या खाचेशिवाय आणली आणि २०२४ च्या ‘प्रो’ आवृत्तीत डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत घ्यावा लागतो. बंधन घातल्यावर ग्राहक चिडले होते, मग खाचच काढून टाकली. खाच नसलेले यंत्र थोडे स्वस्त पडते खरे. मात्र त्यात जुनी डिस्क चालत नाही, मित्राची डिस्क चालत नाही आणि गेम घ्यायला दुकान एकच उरते.

म्हणजे डिस्क घेतली की प्रश्न सुटला? दुर्दैवाने नाही. ‘द क्रू’ डिस्कवरही विकला गेला होता. ज्यांच्या कपाटात ती डिस्क आहे, त्यांच्याकडे आज एक चकती आहे, खेळ नाही. निन्टेन्डोच्या २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’साठी काही गेम ‘गेम-की कार्ड’वर मिळतात. त्या कार्डावर गेम नसतोच. असते ती फक्त किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवावा लागतो. याउलट ‘सायबरपंक २०७७’सारखा अवाढव्य गेम त्याच यंत्रासाठी ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण दिला गेला. मनात आणले तर जमते.

मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. सर्व्हर फुकट चालत नाहीत. वीज, देखभाल, सुरक्षेची डागडुजी हा खर्च दर महिन्याचा आहे. खेळणारे पाचशे उरले, तर कोणतीही कंपनी तो कायम करणार नाही. डिस्कवर ओरखडे पडतात. डाउनलोडला कपाट लागत नाही, शिवाय सेलमध्ये गेम फार स्वस्त मिळतात. काही कंपन्या नीटही वागल्या आहेत. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला, तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले.

म्हणूनच ‘द क्रू’नंतर रॉस स्कॉट या यूट्यूबरने सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेची मागणी मला रास्त वाटते. सर्व्हर कायम चालवा, असे ती म्हणत नाही. बंद करताना खेळ ग्राहकाकडे चालण्याजोग्या अवस्थेत सोडा, एवढेच म्हणते. युरोपीय संघाकडे दिलेल्या तिच्या अर्जाने जुलै २०२५ मध्ये १० लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. अशाने खर्च आणि कायदेशीर जोखीम वाढेल, असे उद्योगाचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. पण पहिल्या दिवसापासून तशी रचना केली, तर हे काम अशक्यही नाही. शेवटी आयत्या वेळी करायला गेले की ते महाग पडते.

तोवर आपण काय करावे? कन्सोल घेणार असाल आणि परवडत असेल, तर डिस्क ड्राइव्ह असलेला घ्या. खेळून झालेली डिस्क विकली, तरी वरचे पैसे वसूल होतात. खोक्यावरचा मजकूर वाचा. ‘इंटरनेट आवश्यक’ किंवा ‘डाउनलोड आवश्यक’ असे लिहिले असेल, तर ही वस्तू कंपनीच्या मर्जीवर चालणार, हे गृहीत धरूनच पैसे मोजा. कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांनी ‘गॉग’ हे पोलंडमधले दुकान पाहावे. तिथल्या गेमची फाइल स्वतःच्या हार्ड डिस्कवर जपून ठेवता येते आणि चालवताना कोणाची परवानगी लागत नाही. स्टीम वापरत असाल, तर ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये घरातल्या सहा जणांना गेम वाटून घेता येतात. मुलांची खाती पालकांच्या ईमेलशी जोडा. पासवर्ड हरवला, तर गेम्सही हरवतील.

आणि मुलांशी एकदा याविषयी बोला. अमुक गेम हवा म्हणून हट्ट सुरू झाला की विचारा, ‘हा मित्राला देता येईल का? पाच वर्षांनी चालेल का?’ उत्तर ‘नाही’ असले, तरी घ्यायला हरकत नाही. सिनेमाचे तिकीट आपण घेतोच की. फक्त किंमत तिकिटाची हवी, वस्तूची नको.