संगणकाचा पडदा अचानक काळा पडतो तेव्हा

रत्नागिरीच्या बाजारपेठेत वहीखात्याशेजारी आता संगणकही येऊन बसला आहे. हापूसच्या पेट्यांचा हिशेब, मासळीची बिले, लग्नपत्रिकांची जुळणी ही कामे त्याच्यावर होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार बंद केला. विंडोज ११ अनेक जुन्या यंत्रांवर चढत नाही. अशा यंत्राला भंगारात न टाकता त्यावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली बसविणे आम्हाला शहाणपणाचे वाटते. मात्र एक तक्रार वारंवार ऐकू येते. काम चालू असताना पडदा एकाएकी काळा होतो, केव्हा होईल याचा नेम नसतो.

अशा वेळी दुकानदार घाईने बटण दाबून यंत्र बंद करतो आणि तासाभराची जुळणी बुडते. मग कोणीतरी सांगतो, "नवा मॉनिटर घ्या," किंवा "लिनक्स काढून टाका." ईदच्या किंवा आंब्याच्या हंगामात हा खर्च विनाकारण अंगावर पडतो. आमचे म्हणणे इतकेच, की आधी मेले कोण ते पाहावे, यंत्र की नुसता पडदा?

कीबोर्डवरील कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर यंत्र बहुधा जिवंत आहे. तेव्हा कंट्रोल व एस दाबून काम जतन करावे. फाईलला आधीच नाव दिलेले असेल तर ती न दिसताही जतन होते. नंतर कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ एकत्र दाबा. अक्षरांचा साधा पडदा उमटला, तर मॉनिटर आणि केबल यांच्यावर संशय घेण्याचे कारण फारसे उरत नाही. दोष चित्र उमटविणाऱ्या ड्रायव्हरकडे शोधावा. काहीच उमटले नाही, तर पडद्यावर तिरपी बॅटरी मारा. अंधूक चित्र दिसल्यास मॉनिटरच्या आतील दिवे गेलेले आहेत.

वेळेकडेही लक्ष हवे. हात न लावता बरोबर दहा मिनिटांनी काळोख होत असेल, तर तो बिघाडच नव्हे. लिनक्सच्या जुन्या एक्स पडदा-व्यवस्थेत मुळातच दहा मिनिटांची मुदत असते. वीजबचतीच्या सेटिंगमध्ये ती बंद करता येते.

दोन-तीन सेकंद काळोख होऊन चित्र परत येते तेव्हा मात्र केबल पाहावी. शेजारचा फ्रिज किंवा शिलाईयंत्राची मोटर सुरू होतानाच असे घडत असेल, तर अर्थिंग तपासून घ्या. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यात समुद्राची खारी हवा. जोडणीच्या पितळी टोकांवर आणि रॅमच्या पट्टीवर गंज चढायला वेळ लागत नाही. वीज काढून पट्टी बाहेर घ्यावी व टोके हलक्या हाताने पुसावीत. शेजाऱ्याचा मॉनिटर आणि केबल तासभर उसने आणून लावणे ही सर्वांत स्वस्त परीक्षा होय.

ड्रायव्हरचा दोष बहुधा प्रणाली अद्ययावत केल्यावर उपटतो. यंत्र सुरू होताना ग्रबच्या यादीत प्रगत पर्याय निवडून जुन्या कर्नलवर चालवून पाहा. जुन्यावर ठीक चालले तर चोर सापडला. एनव्हिडियाचे कार्ड असल्यास लिनक्ससोबत येणारा नूव्हो ड्रायव्हर बदलून कंपनीचा लावून बघण्यासारखे आहे.

पडदा गेल्याची वेळ बिलबुकाच्या मागे टिपून ठेवा. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर टर्मिनलमध्ये 'जर्नलसीटीएल' हा शब्द, मग जागा सोडून उणे चिन्ह व 'बी', पुन्हा जागा सोडून उणे एक, असे इंग्रजी लिपीत लिहा. मागील खेपेची नोंदवही उघडते. शिफ्ट व जी दाबले की तिचे शेवटचे पान येते. तिथे ग्राफिक्स कार्डाच्या नावापुढे त्रुटी दिसली तर दुरुस्तीवाल्याला तीच दाखवावी. नोंद मध्येच तुटलेली असेल आणि कॅप्स लॉकही मुका असेल, तर पॉवर सप्लाय, रॅम व आतली धूळ यांची तपासणी आधी करवून घ्यावी.