अर्लची बायको काउंटेस का?

सुपरमार्केटात चहाच्या फळीवर ‘अर्ल ग्रे’चा डबा असतो. बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीतल्या फळाच्या सालीचं तेल लावलेला हा चहा. आल्याच्या चहावर पोसलेल्या माझ्या नाकाला त्यात साबणाचा वास येतो, पण तो मुद्दा वेगळा. डब्यावरचे ग्रे म्हणजे १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेले चार्ल्स ग्रे, त्या घराण्यातले दुसरे अर्ल. ‘ग्रे’ म्हणजे आडनाव. मग ‘अर्ल’ म्हणजे काय?

जुन्या इंग्रजीत ‘एओर्ल’ म्हणजे खानदानी माणूस, लढवय्या. त्याच्या उलट ‘चेओर्ल’, म्हणजे साधा कुणबी. यातल्या दुसऱ्या शब्दाचे पुढे हाल झाले. त्याचाच ‘चर्ल’ झाला आणि आज तो गावंढळ, उर्मट माणसासाठी वापरतात. पहिल्याचं नशीब मात्र उघडलं. १०१६मध्ये डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडच्या गादीवर बसला. त्याच्या मुलखात सरदाराला ‘यार्ल’ म्हणत. उच्चार जवळचा, त्यामुळे प्रांत सांभाळणाऱ्या ‘एआल्डॉरमन’ या जुन्या अधिकाऱ्याची जागा अर्लने घेतली. वेसेक्स, मर्सियासारखे अख्खे प्रांत त्याच्या हाताखाली असत. वेसेक्सचा अर्ल हॅरल्ड तर १०६६मध्ये थेट राजाच झाला, आणि त्याच वर्षी हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेला.

ती लढाई जिंकलेले नॉर्मन फ्रेंच बोलायचे. त्यांच्याकडे याच तोलाच्या सरदाराला ‘काउंट’ म्हणत. त्यांनी अर्लची सत्ता छाटली, कारभार शेरीफकडे सोपवला, पण नाव पुसलं नाही. अडचण आली ती बायकोची. पाटलाची पाटलीण करायला मराठीला क्षणही लागत नाही. अर्लला तसं स्त्रीलिंगी रूपच नव्हतं. म्हणून नॉर्मनांचा ‘काउंटेस’ उचलला. नवरा एका भाषेतला, बायको दुसऱ्या भाषेतली! पुढे १४४०मध्ये अर्लच्या खालची ‘व्हायकाउंट’ ही पायरी आली. शब्दशः अर्थ काउंटचा नायब. नायब आहे, पण ज्याचा नायब तो काउंट इंग्लंडात नाहीच.

एके काळी सगळ्यात वरचा असलेला अर्ल तोवर तिसऱ्या पायरीवर उतरला होता. १३३७मध्ये ड्यूक आणि १३८५मध्ये मार्क्वेस त्याच्या डोक्यावर येऊन बसले होते. राज्याभिषेकासाठी अर्लचा जो मुकुट ठरलेला आहे, त्यावर उंच टोकांवर बसवलेले आठ चंदेरी गोळे असतात आणि मधल्या जागांत स्ट्रॉबेरीची सोनेरी पानं.

हॅरल्डचा ‘अर्ल ऑफ वेसेक्स’ हा किताब १९९९मध्ये राणी एलिझाबेथच्या धाकट्या मुलाला, एडवर्डला, लग्नाच्या दिवशी मिळाला. त्याच दिवसापासून त्याची बायको सोफी ‘काउंटेस ऑफ वेसेक्स’ झाली. २०२३मध्ये एडवर्ड एडिंबराचा ड्यूक झाल्यावर सोफी डचेस झाली, आणि अर्ल ऑफ वेसेक्स म्हणून आता त्यांचा मुलगा जेम्स ओळखला जातो. काउंटेसची जागा सध्या रिकामी आहे.